उत्पन्न वाढलं, मग ताटात काय आलं?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा मसुदा वाचला. बियाणं, सिंचन, हेक्टरी उतारा, सगळं नीट मांडलं आहेस. पोषणावर मात्र एकच वाक्य आहे: ‘उत्पन्न वाढल्याने कुटुंबाचा आहार सुधारेल.’ ते आधी खोड. वाढलेला पैसा कोणाच्या हातात पडणार, जवळच्या बाजारात धान्याशिवाय काय मिळतं, घरात शेवटी कोण जेवतं, हे कळल्याशिवाय असं लिहायचा आपल्याला अधिकार नाही.

बांगलादेशातल्या मोला माशाचं उदाहरण नीट अभ्यास. बोटाएवढा मासा. मोठ्या कार्प जातीचं बीज सोडण्याआधी तळ्यातले असले बारीक मासे निरुपयोगी म्हणून औषध टाकून मारायची रीत होती. पोषणतज्ज्ञ शकुंतला थिलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हा मासा डोक्या-काट्यासकट अख्खा खाल्ला जातो, त्यामुळे कॅल्शियम मिळतं, आणि जीवनसत्त्व ‘अ’ त्यात भरपूर असतं, विशेषतः डोळ्यांच्या भागात. मग एकाच तळ्यात दोन्ही वाढवायला सुरुवात झाली. कार्प विकायला, मोला घरच्या कालवणाला. बारीक मासा थोडा थोडा, वरचेवर काढता येतो आणि सगळ्यांच्या वाट्याला येतो. मोठ्या माशाचा चांगला तुकडा कोणाच्या ताटात पडतो, ते तुला ठाऊक आहेच. थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मोझांबिकमधल्या नारिंगी रताळ्याचा धडा वेगळा. त्यात बीटा कॅरोटीन भरपूर, म्हणजे शरीर ज्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ बनवतं तो घटक, पण लोकांना सवय पांढऱ्या, पिठूळ रताळ्याची, आणि सुरुवातीचे नारिंगी वाण पाणचट. शिवाय कोरड्या हंगामात वेल वाळून जायचे, म्हणजे पुढच्या लागवडीला बेणंच नाही. चव आणि बेणं हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय पोषणाच्या गप्पा फुकट. तुझ्या मसुद्यात चवीबद्दल अवाक्षर नाही!

आता बायकांच्या वेळेबद्दल. ‘महिलांचा सहभाग’ असं तू तीनदा लिहिलं आहेस. सहभाग म्हणजे बहुतेक वेळा खुरपणीचं काम वाढणं. तान्ह्या बाळाची आई आणखी दोन तास रानात राहिली, तर त्याला दिवसातून चार वेळा भरवणार कोण? नवं पीक सुचवण्याआधी तिचा दिवस तासागणिक लिहून काढ.

मोजमापाचं थोडक्यात सांगतो. बायकांच्या आहाराची विविधता मोज: धान्य, डाळी, भाज्या अशा दहा अन्नगटांपैकी काल दिवसभरात किमान पाच गट किती जणींच्या पोटात गेले? हा आकडा समूहाचा असतो, त्यावरून एकीच्या तब्येतीचा निकाल लावू नकोस. आणि आधीची व नंतरची पाहणी एकाच हंगामात कर. सुरुवातीची टंचाईत आणि शेवटची सुगीत केलीस, तर यश फुकट मिळेल आणि ते खोटं असेल.

मुलांची खुंटलेली उंची तीन वर्षांत सुधारून दाखवू, हे वचनही काढ. देणगीदारांना ते आवडतं, मान्य. पण उंचीमागे आईची तब्येत, जुलाब, पाणी, संडास एवढं सगळं असतं. शेतीला झेपेल तेवढंच शेतीच्या नावावर लिही.

सुधारलेला मसुदा पाठव. अंदाजपत्रक मी अजून वाचलेलं नाही. पोषणासाठी वेगळा माणूस धरला नसशील, तर आत्ताच धर.

तुझा,
सर