वडिलांना पोटाचा कॅन्सर झाला होता, मलाही होईल का?

होईलच असं नाही. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट वाढतो. पण मुळात धोका कमी असल्याने अशा घरातल्या बहुतेकांना तो होत नाही.

तुमच्या हातात असलेली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी या, जठरात राहून कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जंतूची तपासणी. एकाच घरात राहणाऱ्यांमध्ये तो लहानपणीच पसरतो, त्यामुळे 'घराण्यात आहे' असं वाटणारं बरंचसं या जंतूमुळेही असतं. कोरियात जठराचा कॅन्सर झालेल्यांच्या, हा जंतू असलेल्या सख्ख्या नातेवाइकांवर अभ्यास झाला (२०२०). जंतूवर औषध घेतलेल्यांत कॅन्सर १.२ टक्के, न घेतलेल्यांत २.७ टक्के आढळला.

तपासणी श्वासाची किंवा शौचाची करा. रक्ततपासणी जुना संसर्गही दाखवते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. इथे मुंबईत ॲसिडिटी झाली की केमिस्टकडून पँटोप्राझोल आणून महिनोन् महिने घेणारे खूप आहेत, आणि नेमकं तिथेच चुकतं. ही गोळी चालू असताना जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून ती दोन आठवडे आधी बंद करा. अँटिबायोटिक संपून चार आठवडे झालेले हवेत. उपचार बहुधा १४ दिवसांचा, आणि तो संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवीच.

घरात दोन-तीन जणांना झाला असेल, कोणाला पन्नाशीच्या आत झाला असेल किंवा बायोप्सीत 'डिफ्यूज' (विखरून पसरणारा प्रकार) लिहिलं असेल, तर सीडीएच१ जनुकाबद्दल विचारा; त्यातला दोष घराण्यात उतरून हा प्रकार होऊ शकतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये जनुकीय सल्ला मिळतो. वडिलांचा बायोप्सी रिपोर्ट सोबत न्या.

वजन घटणं, काळं शौच, गिळायला त्रास: यापैकी काही असेल तर थांबू नका, थेट एंडोस्कोपी करून घ्या.