साखर आणि हिरड्या : वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरे

या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत मधुमेह आणि तोंडाचे आरोग्य हा विषय वारंवार येतो. या अंकासाठी निवडलेली पत्रे कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील असून, ओळख पटेल असा तपशील वगळून ती संक्षिप्त स्वरूपात दिली आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. औषधांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

प्रश्न : माझे वय ५४ असून मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या दोनदा वाढवूनही एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.६ च्या खाली येत नाही. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते, पण दात दुखत नाहीत. दंतवैद्य म्हणतात, हिरड्यांवर उपचार केले की साखर उतरेल. साखरेच्या डॉक्टरांनी मात्र दातांविषयी कधी विचारलेही नाही. नेमके खरे काय? — शाहूपुरी

उत्तर : दोन्ही डॉक्टर एकाच आजाराची दोन टोके पाहत आहेत, आणि आपल्या हातात एकमेकांसाठी चिठ्ठी कोणीच दिलेली नाही, ही खरी अडचण आहे.

प्रथम मधुमेहामुळे हिरड्यांचे काय होते ते पाहू. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली की ती शरीरातील प्रथिनांना चिकटते आणि त्यातून तयार होणारी संयुगे हिरड्यांतील दाह वाढवतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि झालेली झीज भरून काढणारे कोलॅजन नीट तयार होत नाही. दातांवर साचणाऱ्या जंतूंचा थर मधुमेह नसलेल्या माणसाच्या तोंडातही असतोच, पण त्याच थराला मधुमेही शरीर जो प्रतिसाद देते तो अधिक तीव्र आणि अधिक विध्वंसक असतो. त्यामुळे दाताला धरून ठेवणारे हाड झिजवणारा आजार, ज्याला आपल्याकडे सर्रास पायरिया म्हणतात, मधुमेहींमध्ये साधारण दोन ते तीन पट अधिक आढळतो. साखर आटोक्यात असलेल्यांत हा धोका बराच कमी असतो. डोळे, मूत्रपिंडे, नसा यांच्या बरोबरीने या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हणावे, असे हॅराल्ड लो या दंतवैज्ञानिकांनी १९९३ सालीच सुचवले होते.

आता उलट बाजू. हिरड्यांतील जुनाट दाहातून काही रासायनिक संदेशवाहक द्रव्ये रक्तात उतरतात आणि ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या पिमा समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे; तेथील दीर्घकालीन पाहणीत, सुरुवातीला हिरड्यांचा तीव्र आजार असलेल्यांची साखर पुढे अधिक बिघडल्याचे १९९६ मध्ये मांडले गेले. हिरड्यांवर उपचार केल्याने साखर किती उतरते, यावरील चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये घेतला. त्यानुसार तीन-चार महिन्यांनंतर एचबीएवनसी सरासरी ०.४३ ने आणि सहा महिन्यांनंतर ०.३० ने कमी झाले. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र काहीच फरक दिसला नव्हता, आणि त्या चाचणीत हिरड्या पुरेशा बऱ्या झाल्याच नव्हत्या, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी घेतला होता.

म्हणून आपल्या दंतवैद्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याची मापे समजून घ्यावीत. ८.६ वरून ८.२ च्या आसपास येणे शक्य आहे. केवळ दात स्वच्छ करून ते ६.५ वर येईल अशी आशा कोणी दाखवत असेल तर ती फसवी आहे. एखादी जादा गोळी जेवढे काम करते त्याच्या जवळपास जाणारा हा लाभ आहे आणि दात वाचतात ते वेगळेच. मात्र तो चालू गोळ्यांच्या जोडीला मिळतो, त्यांच्या ऐवजी नव्हे.

दात दुखत नाहीत, यावर विसंबू नका. हा आजार बहुधा वेदनेशिवायच वाढतो आणि म्हणून तो मोजावा लागतो. मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद सरकवतात आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली नोंदवतात. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर उतरते. आजारी हिरडीत ती विनासायास पाच-सहा मिलिमीटर आत जाते, आणि सळई बाहेर काढल्यावर काही क्षणांत हिरडीच्या काठावर रक्ताचा ठिपका उमटतो. आपली अशी नोंद झाली नसेल तर ती मागून घ्या. उपचार म्हणजे दातांवरचे आणि हिरडीखालचे किटण काढून मुळांचा पृष्ठभाग साफ करणे. हे एका बैठकीत होत नाही आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करावी लागते. तोच एचबीएवनसी पुन्हा तपासण्याचाही काळ आहे, तेव्हा दोन्ही कागद दोन्ही डॉक्टरांना दाखवावेत. साफसफाईनंतर दात हलू लागल्याची तक्रार अनेक जण करतात. तेथे हाड आधीच झिजलेले असते, किटणाच्या थराने दात एकमेकांना धरून ठेवल्यासारखे वाटत असतात आणि तो थर निघाल्यावर मूळची स्थिती जाणवते, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या असून त्यांना मधुमेह आहे. त्या दिवसातून चार-पाच वेळा मशेरी लावतात. खालचे पुढचे दात हलतात. मशेरी सोडा म्हटले की "तिनंच तर ठणका थांबतोय, आणि हिरडीतनं रक्त बी येत नाही" असे म्हणतात. त्यांना कसे समजवावे? — कागल तालुका

उत्तर : आपल्या भागात हा प्रश्न घराघरांत आहे आणि त्यावर पुरेसे लिहिले जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जाते, पण भाजल्याने तंबाखूचा गुण जात नाही. तिच्यात निकोटिन राहते आणि कर्करोगकारक द्रव्येही राहतात. चार-पाच वेळा दात घासण्याची गरज कोणालाच नसते. ती गरज निकोटिनची असते. तलफ भागली की बरे वाटते, आणि त्यालाच सासूबाई ठणका थांबणे म्हणत असाव्यात.

रक्त न येण्याबाबत त्यांचे निरीक्षण कदाचित खरे असेल, निष्कर्ष मात्र उलटा आहे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यामुळे हिरडीतील दाहाची ठळक खूण झाकली जाऊ शकते. आत हाडाची झीज सुरूच राहते. मशेरी लावणाऱ्या स्त्रियांच्या तोंडात तपासताना एक विशिष्ट चित्र दिसते : बोट जेथे रोज फिरते तेथे हिरडी मुळाकडे सरकलेली, उघड्या पडलेल्या मुळाला काळपट डाग आणि त्यालगत ओठाच्या आतली त्वचा पांढुरकी, जाडसर, सुरकुतलेली. हा शेवटचा बदल असेल तर दातांआधी त्याची तपासणी करावी, कारण त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. शिवाय निकोटिन इन्सुलिनला होणारा शरीराचा प्रतिसाद कमी करते, म्हणजे मधुमेहाचेही नुकसान होतेच.

दंतमंजन आणि टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आहे. घरच्या तव्यावर ती बंदी पोहोचत नाही, हे उघड आहे. सासूबाईंना "घाण सवय" म्हणून हिणवण्याने काही साधणार नाही. ही सवय त्यांना बहुधा लहान वयातच आई-आजीकडून लागली असेल. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ ही विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे. सोडल्यानंतर सुरुवातीचे काही दिवस चिडचिड होईल, आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले तर "बघा, सोडल्यावरच बिघडलं" असेही ऐकावे लागेल. झाकलेली खूण पुन्हा दिसू लागली, असे त्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आमचे स्वतःचे गुऱ्हाळ आहे. मधुमेह निघाल्यापासून साखर बंद करून चहात घरचाच, रसायन न घातलेला गूळ वापरतो. दातांनाही तो चांगला, असे ऐकले. — पन्हाळा तालुका

उत्तर : कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे, पण रक्ताला आणि दातांना त्याचे मूळ कळत नाही. गुळाचा बहुतांश भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असते. रसायन घातले नाही म्हणून तो भाग कमी होत नाही. त्यातील लोह व इतर खनिजे चहापुरत्या खड्यात नगण्य असतात. दात किडवणाऱ्या जंतूंना सुक्रोज मिळाले की ते आम्ल तयार करतात आणि येथे एकूण प्रमाणापेक्षा दिवसातून किती वेळा तोंड गोड होते हे अधिक महत्त्वाचे ठरते. गुऱ्हाळावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर अर्धा कप गोड चहा घेणे दातांना म्हणूनच विशेष घातक आहे. चहा बिनगोडाचा घ्यावा.

प्रश्न : वय ६७, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. वरची पूर्ण कवळी आहे. रात्री तोंडाला कोरड पडते, जिभेची आग होते, तिखट सोसत नाही. पांढरा रस्सासुद्धा झोंबतो. — इचलकरंजी

उत्तर : पांढरा रस्सा झोंबण्याइतकी आग असेल तर ती अंगावर काढू नये. आपण सांगितलेल्या लक्षणांची कारणे एकाहून अधिक असू शकतात. साखर चढलेली असली की लघवीवाटे पाणी जाते आणि लाळ कमी होते. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही कोरड वाढते. लाळ कमी आणि लाळेत साखर जास्त, ही स्थिती कॅंडिडा या बुरशीला मानवते. कवळी रात्रीही तोंडातच ठेवत असाल तर तिच्याखालचा टाळू लाल, मऊ आणि नाजूक झालेला आढळेल. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवावी. बुरशीवरील औषध टाळूला लावताना कवळीवरही उपचार करावे लागतात, नाहीतर आठवड्याभरात तक्रार परत येते.

दुसरे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्याने जीभ गुळगुळीत, लाल होऊन तिची आग होते. रक्ताची साधी तपासणी त्यासाठी पुरते. गोळी स्वतःहून बंद करू नये. खालचे दात शाबूत असतील आणि रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू असेल, तर हिरडी फुगून दातांवर चढत आहे का, हेही दंतवैद्यांना पाहायला सांगावे. सर्व गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून नेल्या तरी चालेल.

प्रश्न : खालची दाढ किडून गालाला सूज आली आहे. उपाशीपोटीची साखर २४०. दंतवैद्यांनी "आधी साखर उतरवून या" म्हणून दोनदा परत पाठवले. सूज तशीच आहे. — गडहिंग्लज

उत्तर : एखादा हलणारा दात काढणे किंवा कृत्रिम दात बसवणे पुढे ढकलता येते आणि साखर चढी असताना ते ढकलणे शहाणपणाचेही असते, कारण जखम भरायला वेळ लागतो. पू झालेल्या दाढेला मात्र हा नियम लावता येत नाही. संसर्ग असेपर्यंत साखर चढीच राहते, आणि साखर चढी असेपर्यंत संसर्ग हटत नाही. हे चक्र तोडण्यासाठी पू बाहेर काढावाच लागतो. निव्वळ प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी सूज तात्पुरती ओसरते. दंतवैद्य आणि मधुमेहाचे डॉक्टर यांचे फोनवर बोलणे घडवून आणा. साखरेसाठी काही दिवस इन्सुलिन देऊन त्याच वेळी दाढेवर उपचार करणे हा नेहमीचा मार्ग आहे. सूज जिभेखाली किंवा हनुवटीखाली पसरून टणक झाली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा ताप आला, तर तारखेची वाट न पाहता कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. वरच्या दाढा अचानक हलू लागणे, टाळूवर काळपट डाग आणि गाल बधिर होणे ही २०२१ मध्ये कोरोनानंतर मधुमेहींत दिसलेल्या म्युकरमायकोसिसची लक्षणे आहेत. ती दिसल्यास एक दिवसही दवडू नये.

दाढ काढायचे ठरल्यावर सकाळची वेळ घ्यावी आणि नाश्ता व नेहमीचे औषध घेऊनच जावे. दात काढायचा म्हणून उपाशी जाणारे अनेक जण खुर्चीतच घामाघूम होतात. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. येथे गूळ चघळत बसू नये, तो विरघळायला वेळ लागतो. दाढ काढल्यानंतर बधिरपणा उतरेपर्यंत जेवता येत नाही, त्यामुळे दुपारचे इन्सुलिन किती व केव्हा घ्यायचे हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवावे, आणि घरी पेज किंवा ताक-भात तयार असू द्यावा.