कालेइचीसाठी दोन तास पुरतील का?

प्रश्न : येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तुर्कस्तानला जात आहोत. प्रवास कंपनीने अंताल्याची जुनी वस्ती, म्हणजे कालेइची, पाहण्यासाठी दुपारचे दोन तास ठेवले असून मुक्काम शहराबाहेरच्या किनाऱ्यावर आहे. एवढा वेळ पुरेल का? सोबत सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या शाकाहारी आहेत.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : पुरणार नाही, आणि दुपारची वेळ तर टाळावीच. शक्य झाल्यास एक रात्र तटबंदीच्या आत राहावे, असा माझा आग्रह आहे. दगडी तळमजला, त्यावर गल्लीकडे झुकलेला लाकडी सज्जा आणि मागे अंगण अशी तेथील कित्येक ओटोमन घरे आज लहान हॉटेले झाली आहेत. त्यामुळे सहलींच्या बसगाड्या येण्याआधी, सकाळच्या निवांत वेळी आपल्याला बाहेर पडता येईल.

सुरुवात हेड्रियनच्या दरवाजापासून करावी. लहरीपुरा दरवाजातून मांडवीकडे जाणाऱ्या वडोदेकराला वेशीतून गावात शिरण्याचे अप्रूप सांगायला नको. येथील वेस मात्र इ. स. १३० मधील, रोमन सम्राट हेड्रियनच्या भेटीप्रीत्यर्थ उभारलेली, तीन कमानींची आहे. कमानीखालच्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या दिसतात, त्या आवर्जून पाहाव्यात. शेजारच्या दोन बुरुजांपैकी एक रोमन आहे, तर दुसऱ्याचा वरचा भाग तेराव्या शतकात सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादच्या काळी पुन्हा बांधला गेला. त्याच शतकातील ३८ मीटर उंचीचा, उभ्या पन्हळींचा विटांचा यिवली मिनार दुरूनही ओळखू येतो. कड्यावरचा हिदिर्लिक बुरूज संध्याकाळसाठी राखून ठेवावा.

सासूबाईंना खरा त्रास बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांचा आणि गुळगुळीत दगडी फरसबंदीचा होईल. जुम्हुरियेत चौकाजवळून बंदरापर्यंत लिफ्ट आहे, तिचाच उपयोग करावा. जेवणाची अडचण फारशी येऊ नये : ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या आणि चीज किंवा पालक भरलेली गोझलेमे नावाची पातळ पोळी सहज मिळते. मसुराचे सूप मात्र काही ठिकाणी मांसाच्या रश्श्यात करतात, म्हणून विचारूनच घ्यावे. ऑक्टोबरची निवड उत्तम आहे. उन्हाळ्याची काहिली सरलेली असते, पण समुद्राचे पाणी पोहण्याइतके उबदार असते.

कार्यक्रम बदलून घेण्याचे कंपनीला आताच कळवावे, कारण व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाचे तपशील द्यावे लागतात.