सिकलसेलवरची क्रिस्पर ट्रीटमेंट: भाच्यासाठी ते 'एक इंजेक्शन' खरंच आलंय का?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. भाचा चौदा वर्षांचा, चंद्रपूरकडचा, सिकलसेल एसएस (म्हणजे आई आणि वडील दोघांकडून बिघडलेला जीन आलेला पेशंट), आणि "एका इंजेक्शनमध्ये सिकलसेल कायमचा बरा" असा मेसेज व्हॉट्सॲपवर आल्यापासून घरात हायड्रॉक्सियुरियाच्या, म्हणजे सिकलसेलच्या रोजच्या औषधाच्या, कॅप्सूल बंद करायची चर्चा चालू आहे. आधी एवढंच सांगतो, कॅप्सूल बंद करू नका, त्याच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तर अजिबातच नाही. बाकीचं सावकाश वाचा. मी डॉक्टर नाही, पण विदर्भात सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये हिमोग्लोबिनच्या टेस्ट करण्यात बरीच वर्षं गेली, आणि यातलं नवीन काही आलं की मी वाचतोच.

मेसेज पूर्ण खोटा नाहीये, म्हणूनच लोक फसतात. ट्रीटमेंट खरी आहे, तिचं नाव कॅसजेव्ही, ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला तिला मंजुरी दिली. क्रिस्पर वापरून केलेली ही जगातली पहिली मंजूर ट्रीटमेंट. क्रिस्पर म्हणजे डीएनएमध्ये ठरवलेल्या जागी कट मारायची पद्धत, एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या दोघींना तिच्यासाठी २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आता ती काम कशी करते ते बघा, कारण हे एकदा समजलं की कॅप्सूल का चालू ठेवायच्या तेही आपोआप समजतं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जीनमधलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. त्या एका अक्षरामुळे प्रोटीनमध्ये ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवतं, लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि मग ते हाडं फोडणारं दुखणं सुरू होतं. नॉर्मल लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते, म्हणून पोराचं हिमोग्लोबिन कायम कमी.

पण तुमच्या बहिणीला विचारा, तो अगदी तान्हा होता तेव्हा त्याला हा त्रास होता का? बहुतेक नाहीच म्हणेल. कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला फीटल हिमोग्लोबिन म्हणतात, रिपोर्टवर एचबीएफ लिहिलेलं असतं ते हेच. त्यात ते बदललेलं अक्षर नसतं आणि ते दोऱ्या बनू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळपास बंद करतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू होतं, तिथून आजार दिसायला लागतो. जॅनेट वॉटसन या अमेरिकन डॉक्टरांनी हे १९४८ मध्येच ओळखलं होतं. पण हे बंद कोण करतं ते कळायला पुढची साठ वर्षं गेली. २००८ मध्ये बोस्टनला स्टुअर्ट ऑर्किन यांच्या लॅबमध्ये विजय शंकरन आणि बाकीच्यांनी दाखवलं की बीसीएल११ए नावाचा जीन ते काम करतो. तो दाबला की एचबीएफ परत वाढतं.

मग तो जीनच उडवून टाकायचा का? नाही, कारण शरीरात तो इतर ठिकाणीही लागतो. इथे मला या संशोधनाचं खरंच फार कौतुक वाटतं. घरातल्या एका खोलीचा दिवा घालवायला आपण मेन स्विच पाडत नाही, त्या खोलीचं बटण दाबतो, तसं या लोकांनी बीसीएल११ए च्या प्रोटीन बनवणाऱ्या भागाला हात न लावता त्याच जीनमधला असा तुकडा शोधला जो फक्त लाल पेशी बनवणाऱ्या पेशींमध्येच त्याला चालू ठेवतो, आणि क्रिस्परने तेवढाच तोडला. म्हणजे सिकलचं बिघडलेलं अक्षर ही ट्रीटमेंट दुरुस्त करतच नाही, ते तसंच राहतं, ती फक्त बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करते.

रिझल्ट चांगले आहेत. मंजुरीच्या वेळी ज्या ३१ पेशंटचा पुरेसा काळ फॉलोअप झाला होता, त्यातल्या २९ जणांना सलग निदान १२ महिने एकही मोठा क्रायसिस, म्हणजे ते दुखण्याचं जबर अटॅक, आला नाही. व्हिक्टोरिया ग्रे या मिसिसिपीच्या बाईंना ही ट्रीटमेंट जुलै २०१९ मध्ये मिळाली, अमेरिकेत सिकलसेलसाठी क्रिस्पर घेणाऱ्या त्या पहिल्या, आणि त्यांनी नंतर जाहीरपणे आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगितलंय.

आता 'एक इंजेक्शन' या शब्दांबद्दल. तसं काहीही नाही. आधी औषध देऊन अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आत रक्त तयार करणारा मऊ भाग) मूळ पेशी रक्तात आणतात आणि मशीनवर वेगळ्या काढतात, हे कधी कधी परत परत करावं लागतं. मग त्या पेशी लॅबमध्ये पाठवतात, तिथे बदल होतो, तपासणी होते, यात काही महिने जातात. आणि मग सगळ्यात अवघड भाग, नव्या पेशींना जागा करायला जुनी अस्थिमज्जा बुसल्फान नावाच्या जबर केमोथेरपीने रिकामी करतात. त्यानंतर पेशी परत शिरेतून सोडतात, तेवढंच काय ते सलाईनसारखं दिसतं, त्याचाच फोटो मेसेजमध्ये फिरत असणार. पुढचे काही आठवडे हॉस्पिटलमध्ये, इन्फेक्शनची भीती, तोंडात फोड, केस जाणं, आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या घरी यावर आधी नीट बोलणं व्हायलाच हवं. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर.

आपल्याकडे काय? दिल्लीच्या आयजीआयबीने, म्हणजे सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या संस्थेने, स्वतःचं क्रिस्पर तंत्र वापरून 'बिरसा १०१' नावाची सिकलसेल थेरपी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केली, बिरसा मुंडांच्या नावाने, आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यात पार्टनर आहे. हे झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण हा आजार आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत जास्त आहे आणि १८ कोटींचं औषध तिथे कधीच पोचणार नाही. पण जाहीर होणं आणि तालुक्याच्या पोराला मिळणं यात ट्रायल, सुरक्षितता, चांगली ट्रान्सप्लांट सेंटर असं बरंच काही असतं. त्याच्या भरवशावर आजचं औषध सोडायचं नसतं.

आणि आता कॅप्सूलचा मुद्दा. हायड्रॉक्सियुरिया काय करते? तेच एचबीएफ वाढवते! क्रिस्परइतकी नाही, रोज घ्यावी लागते, पण दिशा तीच. पूर्ण परिणाम दिसायला काही महिने लागतात म्हणून मध्येच "फरक पडत नाही" म्हणून लोक सोडतात, मग पोरगा परत ॲडमिट. सोबत ठरलेल्या वेळी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची टेस्ट, करायची, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, त्यावरून डॉक्टर डोस ठरवतात. भारतातल्या बऱ्याच पेशंटचं एचबीएफ मुळात आफ्रिकन पेशंटपेक्षा जास्त असतं हे खरं, पण त्यावरून 'आपला सिकलसेल सौम्य' असं सरसकट म्हणणं मला पटत नाही, विदर्भात वारंवार ॲडमिट होणारी पोरं मी पाहिलीत.

कायमचं बरं व्हायचा दुसरा मार्ग आजच उपलब्ध आहे, सख्ख्या भावाबहिणीची अस्थिमज्जा. एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण जी डोनरशी जुळावी लागते, ती जुळायची शक्यता चारात एक. तुम्ही लिहिलंय भाच्याला धाकटी बहीण आहे, तिची सिकलसेलची टेस्ट झालीच नाही. ती आधी करून घ्या, नुसती सोल्युबिलिटी टेस्ट नको, त्यात सिकल आहे की नाही एवढंच कळतं, वाहक की पेशंट ते कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे कुठलं हिमोग्लोबिन किती टक्के आहे ते सांगणारी टेस्ट, लागते. ती वाहक निघाली, म्हणजे एएस, तरी डोनर होऊ शकते. ट्रान्सप्लांटमध्येही केमो आणि धोके आहेतच, तो निर्णय रक्तविकारतज्ज्ञांसोबत बसूनच घ्या. भाच्याचं दिव्यांग प्रमाणपत्रही बघा, २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे, बऱ्याच घरांना माहीतच नसतं.

पाणी भरपूर, थंडीत ऊब, लसी वेळेवर. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली, बोलण्यात किंवा हातापायात अचानक कमजोरी आली तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

त्याचा शेवटचा एचपीएलसी रिपोर्ट असेल तर नाव झाकून एचबीएफ किती टक्के आलंय आणि कॅप्सूल सुरू करायच्या आधी किती होतं तेवढं इथे लिहा, दोन्ही आकडे समोर असले की डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी सांगू शकेन.