दहावीला गणितात अव्वल, मग सरासरीची उदाहरणे का चुकतात?

नोकरी सांभाळून प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या उमेदवारांची एक तक्रार माझ्याकडे वारंवार येते. शाळेत गणित उत्तम होते, अभियांत्रिकीचे गणिताचे पेपर पहिल्याच फटक्यात सुटले, आणि आता सरासरी व गुणोत्तर यांसारखी शालेय वाटणारी उदाहरणे चुकतात. मग वय झाले, सवय मोडली, की गणित मुळात कधी आलेच नव्हते, असे त्यांना वाटू लागते. या प्रश्नावर बोलताना मी बहुतेक वेळा एका तरुणीचा अनुभव सांगते. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, तो येथे लिहीत आहे.

ती खराडीतील एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करत होती आणि परदेशातील व्यवस्थापन शिक्षणासाठी जीमॅट या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. पहिल्या प्रयत्नात गणिताच्या विभागाने तिला खाली ओढले होते. ही परीक्षा १६ दिवसांनी पुन्हा देता येते, त्यामुळे लगेच पुढची तारीख घ्यावी, असा तिचा आग्रह होता. "मॅडम, मला अवघड गणितांची भीती वाटत नाही. सोप्यातच चुका होतात, आणि त्या चुका बघितल्या की स्वतःचीच लाज वाटते," असे ती म्हणाली. घरच्यांना ती हे सांगू शकत नव्हती, कारण घरात आजही तिच्या दहावीच्या गुणांचे कौतुक चालू होते.

चुकलेली उदाहरणे तिने एका वहीत कापून चिकटवली होती आणि प्रत्येकासमोर समासात लाल पेनने कारण लिहिले होते. संख्यांच्या गुणधर्मांवरील अवघड उदाहरणांपुढे सविस्तर टिपणे होती. मात्र सरासरी, मिश्रण आणि गुणोत्तर यांच्यापुढे पानोपानी एकच शेरा होता: "सिली मिस्टेक". मी तिला फक्त ती पाने उघडायला सांगितली आणि तीन उदाहरणे एकाखाली एक लिहून काढली.

पहिल्या उदाहरणात एका कार्यालयात ४० टक्के स्त्रिया होत्या. स्त्रियांपैकी ३० टक्के आणि पुरुषांपैकी २० टक्के पदव्युत्तर होते, तर एकूण किती टक्के पदव्युत्तर, असा प्रश्न होता. तिचे उत्तर २५ होते, योग्य उत्तर २४ आहे. दुसऱ्यात ४०० आणि ६०० रुपये किलोची चहापत्ती ३:१ प्रमाणात मिसळल्यावर मिश्रणाचा किलोचा भाव विचारला होता. तिने ५०० लिहिले होते, भाव ४५० येतो. तिसऱ्यात जाताना ताशी ६० आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ४० किलोमीटर वेग असेल तर पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग काढायचा होता. तिने ५० लिहिले होते. पुणे ते कोल्हापूर अंतर सोयीसाठी २४० किलोमीटर धरले तर जायला ४ तास आणि यायला ६ तास लागतात, म्हणजे १० तासांत ४८० किलोमीटर, आणि सरासरी ताशी ४८.

तिन्ही उत्तरे शेजारी आल्यावर ती काही वेळ वहीकडे पाहत राहिली. तिन्ही ठिकाणी तिने दोन संख्यांची बेरीज करून दोनाने भागले होते. विषय वेगळे, भाषा वेगळी, पण चूक एकच होती: दोन्ही गटांना तिने न विचारता सारखे वजन दिले होते. ही घाईतून झालेली चूक नव्हती. घाईतली चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. ही मात्र दर वेळी त्याच वळणावर होत होती. मला या ठिकाणी आग्रहाने सांगावेसे वाटते की अशा चुकीवर निष्काळजीपणाचा शिक्का मारणे विद्यार्थ्याला फार महागात पडते. निष्काळजीपणावर अभ्यास कसा करणार? माणूस स्वतःला फक्त "लक्ष दे" असे बजावत राहतो, परीक्षेत अधिक ताठरतो, आणि तीच चूक पुन्हा होते. चुकीचे नेमके कारण हाती आले की लाज निम्म्याने कमी होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

त्यानंतरची आमची बैठक जवळजवळ पूर्णपणे गणितावरच झाली. भारित सरासरी, म्हणजे प्रत्येक गटाला त्याच्या वाट्याइतके वजन देऊन काढलेली सरासरी, तिला अपरिचित नव्हती; पदवीच्या काळात तिचा सीजीपीए, म्हणजे सर्व विषयांच्या गुणांकांची सरासरी, त्याच रीतीने निघत होता, आणि प्रत्येक विषयाचे वजन त्याच्या क्रेडिटवरून ठरत होते. चार क्रेडिटच्या विषयात ८ आणि दोन क्रेडिटच्या विषयात ५ गुणांक असेल तर सरासरी ६.५ नव्हे, ७ येते, हे तिने क्षणात सांगितले. मग वेगाच्या उदाहरणात क्रेडिटच्या जागी काय आहे, असे मी विचारले. बराच विचार करून ती म्हणाली, "वेळ." हेच उत्तर मला हवे होते. अंतर सारखे असल्यामुळे अंतराचे वजन सारखे भासते, परंतु ताशी वेगाची सरासरी काढताना वजन तासांचे असते, आणि हळू चालणारा टप्पा जास्त तास खातो. म्हणून उत्तर ५० च्या खाली, ४० च्या बाजूला सरकलेच पाहिजे.

येथून तिला एक सवय लावून घ्यायला सांगितली, आणि माझ्या मते संपूर्ण तयारीत हीच सर्वांत उपयोगी ठरली. पेन टेकवण्यापूर्वी उत्तर कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये आहे आणि कोणत्या बाजूला झुकलेले आहे, हे समासात लिहायचे. कार्यालयात पुरुष अधिक आहेत, म्हणजे उत्तर २५ पेक्षा कमी आणि २० च्या जवळ. एवढी एक ओळ लिहिली असती तर तिन्ही चुका जागच्या जागी पकडल्या गेल्या असत्या. जीमॅटच्या गणित विभागात कॅल्क्युलेटर नसतो आणि २१ प्रश्नांना ४५ मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांहून किंचित जास्त वेळ मिळतो. त्यात अंदाज लिहायला जाणारी काही सेकंदे वाया जात नाहीत.

गुणोत्तर उलटे लिहिण्याची तिची दुसरी सवयही याच मार्गाने सुटली. पुरुषांचे सरासरी वय ३०, स्त्रियांचे २४ आणि सर्वांचे मिळून २८ असेल, तर २८ पासून ३० चे अंतर २ आणि २४ चे अंतर ४ आहे. येथपर्यंत ती बरोबर येत असे आणि पुरुष व स्त्रिया यांचे प्रमाण १:२ लिहून मोकळी होत असे. अ‍ॅलिगेशनची फुली (दोन्ही अंतरे तिरकी मांडून प्रमाण काढायची आकृती) तिने क्लासमध्ये पाठ केली होती, पण ती तिरकी का वाचायची, हे ठाऊक नव्हते. सर्वांची सरासरी ३० च्या जवळ आहे, त्या अर्थी तिला आपल्याकडे ओढणारे पुरुष संख्येने जास्त असले पाहिजेत, म्हणून प्रमाण २:१. हे एकदा डोक्यात बसल्यावर फुलीची गरजच उरली नाही.

जीमॅटच्याच डेटा इनसाइट्स या दुसऱ्या विभागातील डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नांत मात्र निराळी अडचण होती, आणि तिच्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. त्या प्रश्नांत उत्तर काढायचे नसते. दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे का, एवढेच ठरवायचे असते. दोन्ही गटांची सरासरी आणि गटांचे प्रमाण दिले असताना एकूण सरासरी निघते का, या प्रश्नाला ती "नाही" म्हणत असे, कारण माणसे किती हे दिलेले नसे. याच्या उलट, दोन्ही गटांची आणि एकूण सरासरी दिल्यावर स्त्रिया किती, या प्रश्नाला ती "हो" म्हणत असे, कारण समीकरण मांडता येत असे. पहिल्या ठिकाणी प्रमाण पुरते, कारण २:१ असो वा २००:१००, सरासरी २८ च राहते. दुसऱ्या ठिकाणी हाती फक्त प्रमाण येते, नग कधीच येत नाहीत. सरासरीला प्रमाण लागते आणि संख्येला निदान एक खरी संख्या लागते, हे तिने स्वतःच्या शब्दांत लिहून काढल्यावर त्या प्रकारातील गोंधळ झपाट्याने कमी झाला.

परीक्षेतील भीतीचा एक भाग संगणकाशी जोडलेला होता. जीमॅटमध्ये पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरांनुसार ठरतो, त्यामुळे सोपे उदाहरण समोर आले की "मागचे चुकले" असे धरून ती खचत असे. प्रश्न सोपा की अवघड, हा अंदाज परीक्षा चालू असताना करू नये, असे मी तिला स्पष्टपणे सांगितले. आपल्याला सोपे वाटणे आणि प्रश्न सोपा असणे यांचा मेळ बसेलच असे नाही. त्याऐवजी शंका असलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जावे, कारण वेळ उरल्यास विभागाच्या शेवटी तीन उत्तरांपर्यंत बदल करता येतो.

तारीख तिने १६ दिवसांनंतरची न घेता सुमारे दोन महिन्यांनंतरची घेतली आणि तो वेळ नवी पुस्तके आणण्याऐवजी जुनीच वही पुन्हा सोडवण्यात घालवला. गणितातील गुण वाढले. सरासरीचे एकही उदाहरण चुकले नाही असे नव्हे, पण परीक्षेहून परतल्यावर कोणते चुकले असावे आणि का, हे ती शांतपणे सांगू शकत होती.

हे वाचून एकूण सरासरीपासूनच्या अंतरांवरून प्रमाण काढण्याची रीत लगेच वापरू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. तीन गट आले की एकूण सरासरीवरून त्यांचे प्रमाण ठरत नाही, कारण एकाच सरासरीला अनेक प्रमाणे बसतात. तेथे ती रीत सोडून तूट आणि जादा यांचा हिशेब करावा. ५०, ६० आणि ८० सरासरी असलेल्या तुकड्यांत अनुक्रमे २०, २० आणि १० मुले असतील, तर ६० च्या तुलनेत पहिल्या तुकडीची तूट २०० आणि तिसरीची जादा २०० होते, म्हणून एकत्रित सरासरी ६०.