एकाच गॅलेक्सीचं अंतर प्रत्येक ठिकाणी वेगळं का दिलेलं असतं?

कारण दूरच्या गॅलेक्सीपर्यंतचं अंतर सहसा कोणी थेट मोजत नाही. मोजतात तो रेडशिफ्ट, म्हणजे प्रकाशाची वेव्हलेंग्थ किती ताणली गेली ते, आणि त्यावरून अंतर काढायला विश्व कसं प्रसरण पावत आलंय हे आधी धरावं लागतं, तिथेच मॉडेल येतं. समजा रेडशिफ्ट 1 आहे, म्हणजे वेव्हलेंग्थ दुप्पट झाली, आणि हबल कॉन्स्टंट, म्हणजे विश्व आज किती वेगाने प्रसरण पावतंय तो आकडा, 70 (किमी प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक) घेतला. नुसतं मॅटर (पदार्थ) असलेलं सपाट, म्हणजे एकूण वक्रता नसलेलं विश्व धरलं तर ती गॅलेक्सी आज साधारण 8.2 अब्ज प्रकाशवर्षं लांब, पण 30 टक्के मॅटर आणि 70 टक्के डार्क एनर्जी (प्रसरणाचा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा) धरली की तेच जवळपास 10.8 अब्ज! त्यात परत याच दुसऱ्या मॉडेलनुसार प्रकाश निघून झाली 7.7 अब्ज वर्षं, म्हणून बातम्यांत बऱ्याचदा तोच आकडा अंतर म्हणून छापतात, हे मला खरंच खटकतं.

मग कुठलं मॉडेल बरोबर? 1998 मध्ये दोन टीमनी टाइप 1ए सुपरनोव्हा, म्हणजे ज्यांची खरी चमक काढता येते असे ताऱ्यांचे स्फोट, तपासले, ते अपेक्षेपेक्षा फिके दिसले म्हणजे जास्त लांब निघाले, आणि नुसत्या मॅटरचं मॉडेल तिथेच मागे पडलं. त्यामुळे अंतर वाचताना आधी ते कुठलं (आजचं अंतर की प्रकाशाच्या प्रवासाची वर्षं) आणि कुठल्या मॉडेलचं ते बघा.