जुनी टर्बो घेतलीस? आधी बेल्ट बघ

भाऊ, जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे टर्बोवाली वेगवान गाडी घेतलीस, झकास. पण रीमॅपचे (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायचे) व्हिडिओ बघणं सध्या थांबव. आधी टायमिंग बेल्ट बघ, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवणारा रबरी पट्टा. मागचा मालक 'बदललाय' म्हणतो आणि बिल दाखवत नाही, तर बदललेला नाही असंच धर. गाडी कमी चालली तरी रबर वयाने जातं, आणि या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मग हेडच (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उघडावं लागतं. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप सोबतच बदल, मजुरी एकदाच लागेल.

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा कूलिंगमध्ये कंजुषी नको. कूलंट कमी झालं म्हणून बोअरचं पाणी ओतू नकोस, क्षार धरतात. कूलंटचा रबरी होस दाबून बघ. कडक किंवा चिरलेला असेल तर काढून टाक. धुळ्याहून हायवेने दामटत आलास की लगेच चावी फिरवू नकोस, मिनिटभर इंजिन चालू राहू दे, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) निवतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. टायरच्या नक्षीवर भुलू नकोस, बाजूचे चार आकडे वाच: १७१५ म्हणजे २०१५ चा सतरावा आठवडा. असला टायर आजच उतरव.